वॉर्डातून घरी आल्यावर कुणी महिन्यात कामाला लागतं, कुणाला दोन वर्षं लागतात. फरक कुठे पडतो?

माणगंगा
नमस्कार मंडळी. आटपाडी, माण, खटाव या बाजूला मनोरुग्णांच्या घरी पाठपुराव्याला जाणाऱ्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "पलीकडच्या वाडीतला पोरगा मिरजेत तीन आठवडे होता, महिन्यात ट्रॅक्टरवर बसला. आमचाही तीनच आठवडे होता. मग सहा महिने झाले तरी हा भिंतीकडे तोंड करून का पडून असतो?" लगेच पुढचा प्रश्न: "डॉक्टर बदलू का?"

माझं मत सांगते. डिस्चार्ज मिळाला म्हणजे उपचार संपले असं घरच्यांना वाटतं, आणि इथेच घोळ होतो. वॉर्डात शांत होतं ते वादळ: झोप उडालेली, अन्न सोडलेलं, अंगावर धावून जाणं, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका. बाकीचं घरीच बरं होतं आणि प्रत्येक आजारात त्याची चाल वेगळी असते. पण हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही, कार्डावर फक्त गोळ्यांची नावं असतात. वॉर्डात, ओपीडीत, औषधाच्या काउंटरवर काम करणारे इथे बरेच आहेत. कुठल्या आजारात किती थांबायचं आणि काय दिसलं की थांबायचं नाही, हे सांगाल का?

कृष्णाघाट
चांगला विषय. आजारागणिक लिहितो.

ट्रॅक्टरवर बसलेल्या मुलाला बहुतेक तीव्र, अल्पकालीन सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, असावा. चांगला चाललेला माणूस दोन आठवड्यांच्या आत, कधी दोनच दिवसांत, पूर्ण बिघडतो. भास, भीती, रडणं, हसणं सगळं एकत्र. आपल्याकडे हा प्रकार बराच दिसतो. एक ते तीन महिन्यांत माणूस पहिल्यासारखा होतो, मागे काही उरत नाही. मात्र यातल्या काहींचं निदान पुढे बायपोलर (कधी उन्माद, कधी उदासी) किंवा स्किझोफ्रेनिया असं बदलतं. म्हणून बरा दिसला तरी दोनेक वर्षं नजर ठेवायची.

बायपोलरमधला उन्माद. वॉर्डात झोप सहा-सात तासांवर आली की घरी पाठवतात. नंतर कित्येकांना उतार लागतो: थकवा, उदासी, आणि उन्मादात उधळलेले पैसे, केलेली भांडणं आठवून येणारी शरम. घरच्यांना वाटतं गोळ्यांनी माणूस मऊ पडला, म्हणून ते गोळ्या बंद करतात. तसं अजिबात करू नका. उतार लागलाय हे डॉक्टरांना सांगा, औषध बदलावं लागतं. पहिल्या उन्मादानंतरच्या पाहण्यांत दिसतं की दोन वर्षांत लक्षणं जवळपास सगळ्यांची जातात, पण कामधंद्यात पूर्वीच्या जागी पोचलेले निम्म्याहून कमी असतात. लक्षणं जाणं आणि माणूस उभा राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्किझोफ्रेनियात आवाज आणि संशय चार-सहा आठवड्यांत मवाळ होतात. उत्साह नसणं, कमी बोलणं, अंघोळीचा कंटाळा हे मागे राहतं आणि महिनोन् महिने रेंगाळतं. यावर गोळीचा जोर कमी चालतो, रोजच्या सवयीचा जास्त. पहिल्या झटक्यानंतर बऱ्या झालेल्यांनीसुद्धा औषध सोडलं तर पाच वर्षांत बहुतेकांचा आजार उलटतो.

तीव्र नैराश्यात आधी झोप आणि भूक येते, मग अंगात बळ, आणि मन सगळ्यात शेवटी. बळ आलंय पण मन अजून अंधारात आहे, असे मधले आठवडे फार जपायचे. बरं वाटल्यावरही औषध सहा ते नऊ महिने चालू ठेवायचं, आजार वारंवार आलेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. शॉक दिले असतील तर साधारण सहा ते बारा बैठका होतात, आणि त्या दिवसांतल्या आठवणी पुसट राहतात. रुग्ण "मला दवाखान्यातलं काही आठवत नाही" म्हणाला तर घाबरायचं कारण नाही. पण शॉकने बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, तर सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त जण पुन्हा खाली जातात.

बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत उठणारा सायकोसिस दिसायला सगळ्यात भयंकर, पण वेळेत उपचार झाले तर सुधारणा छान होते. पुढच्या खेपेला मात्र दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटायचं, तो परत येण्याचा धोका मोठा असतो.

वारणाताई
दारूचं राहिलं की दादा.

कृष्णाघाट
बरोबर, ताई. दारू तोडल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जो थरथराट आणि भ्रम होतो तो आठवडाभरात ओसरतो. विसराळूपणा आणि चिडचिड काही महिने पुरते. पुन्हा प्यायला लागण्याची भीती पहिल्या तीन महिन्यांत जास्त. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

अजिंक्यतारा
कृष्णाघाट यांची माहिती नेमकी आहे, तरी मला थोडं वेगळं म्हणायचंय. निदानाच्या नावावर सगळा फरक टाकू नये. एकच निदान असलेली दोन माणसं दोन वेगळ्या वाटांनी जातात. दोन गोष्टी मोजा. एक, आजार सुरू झाल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत किती दिवस गेले. पंधरा दिवसांत आणलेला मुलगा आणि दोन वर्षं देवदेव करून, खोलीत कोंडून मग आणलेला मुलगा, दोघंही तीनच आठवडे दाखल राहतील, पण दुसऱ्याची वाट लांबचीच असणार. दोन, घरी गेल्यावर त्याच्यासाठी काय आहे: कुणी बोलणारं, काही करायला, गोळ्यांची सोय.

यावर आपल्या साताऱ्यात काम झालंय, हे फार जणांना ठाऊक नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना फक्त दवाखान्यात तपासायचं की त्याबरोबर गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जायचं, याची तुलना तमिळनाडू, गोवा आणि सातारा अशा तीन ठिकाणी झाली. २८२ रुग्ण, बारा महिने. निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. घरभेटी मिळालेल्यांची लक्षणं आणि अपंगत्व थोडं जास्त कमी झालं, आणि सगळ्यात ठळक फरक तमिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला, जिथे इतर सोयी सगळ्यात कमी होत्या. रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या कलंकात मात्र फरक पडला नाही. म्हणजे घरभेट जादू नाही, पण जिथे काहीच नाही तिथे तिचं मोल मोठं. माणगंगाताई, तुमचा भाग नेमका तसाच आहे.

माणगंगा
अजिंक्यतारा, हे माहीत नव्हतं. घरभेटीची फाईल घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

पाटकरीण
भिंतीकडे तोंड करून पडण्याबद्दल. एकसारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी यामागे असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

पहिली, औषधाचा ताठरपणा. माणसाला चालायला लावा. हात बाजूला झुलत नसतील, चेहरा मुखवट्यासारखा असेल, लाळ गळत असेल, शर्टाची बटणं लावायला वेळ लागत असेल, तर हे गोळीमुळे किंवा महिन्याच्या सुईमुळे (गोळीऐवजी महिन्यातून एकदा देतात ते औषध) आहे. डोस कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला टीएचपी (ताठरपणा कमी करणारी गोळी) देऊन हे सुटतं. ते डॉक्टर ठरवतील, आपण फक्त दाखवायचं.

दुसरी, सायकोसिस ओसरल्यावरचं नैराश्य. विचारलं की तो बोलतो: "माझं आयुष्य वाया गेलं", "मी घराला ओझं". पहाटे जाग येते, जेवण कमी होतं. इथे थांबायचं नाही.

तिसरी, आजाराचीच उरलेली लक्षणं. त्याला दुःखही होत नाही, कंटाळाही येत नाही, नुसतं रिकामं असतं. विचारलं तर म्हणतो, "बरा आहे."

आणि हे पडून राहणं नव्हे, उलटं: माणूस बसू शकत नाही, पाय सारखे हलवतो, रात्रभर घरात येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं वेड परत आलं आणि एखादी गोळी वाढवली जाते. बऱ्याचदा ती औषधानेच आलेली अस्वस्थता असते, गोळी वाढवली की आणखी वाढते. फार हैराण करणारी अवस्था आहे, त्याच आठवड्यात दाखवा.

सिस्टर_मिरज
पाटकरीणताई, हे वॉर्डाच्या भिंतीवर लावायला हवं.

माझ्याकडून पहिल्या आठवड्याचं. डिस्चार्जनंतरचे पहिले सात दिवस आणि मग तीन महिने, आत्महत्येचा धोका याच काळात सगळ्यात जास्त असतो. म्हणून निघण्याआधी पुढची तारीख घ्या, सात दिवसांच्या आतली. "महिन्याने या" म्हणाले तर विनंती करून जवळची तारीख मागा. कार्डावर गोळीचं कंपनीचं नाव असेल तर शेजारी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण तालुक्याला तीच कंपनी मिळेल असं नाही, आणि नाव वेगळं दिसलं की लोक एकच औषध दोनदा देतात.

गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात. सगळी पाकिटं रुग्णाच्या उशाशी नकोत. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात डिस्चार्जच्या वेळी पुढचं नियोजन रुग्णाशी आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी बोलून करायचं, असं लिहिलेलं आहे. म्हणजे कागद मागणं हा आपला हक्क आहे. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

द्राक्षबाग_तासगाव
सिस्टरनी धोक्याचं लिहिलं म्हणून सांगतो. आपल्याकडे द्राक्षाच्या घरात फवारणीची औषधं ओसरीवर, गोठ्यात, पलंगाखाली कुठेही पडलेली असतात. माणूस दवाखान्यातून येण्याच्या आदल्या दिवशी ती सगळी गोळा करून कुलपात घालायची आणि किल्ली भावकीत, दुसऱ्या घरी ठेवायची. फवारणीला लागेल तेवढंच त्या दिवशी आणायचं. उरलं तर परत कुलपात. किमान सहा महिने.

दुसरं, रात्रीची लाईट. शेतीपंपाला थ्री फेज रात्री असते तेव्हा दारं धरायला घरातला तरणा गडीच जातो. बायपोलरच्या माणसाला रात्री पाण्यावर पाठवू नका. दोन रात्री झोप मोडली की उन्मादाला वाट मिळते. कारखान्याच्या सीझनला पाळीत काम करणाऱ्यालाही हेच. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन दिवसपाळी मागायची.

कृष्णाघाट
+१. रात्रीच्या पाण्याचं ओपीडीत कुणी विचारतच नाही. विचारायला हवं.

खंडाळाघाट
पण दादा, आमच्याकडे दिवसाची लाईट आठवड्यातून तीनच दिवस असते. पाणी कोण पाजणार?

द्राक्षबाग_तासगाव
अडचण खरी आहे. रात्रीचा वार भावाकडे, दिवसाचा याच्याकडे असं वाटून घ्यायचं. जायचंच असेल तर एकटा नको, आणि दुसऱ्या दिवशी भरपाईची झोप दुपारी दीडेक तासच, नाहीतर रात्र पुन्हा मोडते.

हळदपेठ
मी औषधाच्या बाजूने. दोन गोष्टी घरी आल्यावर गडबड करतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत.

एक, बिडी. वॉर्डात बिडी बंद असते आणि क्लोझापीन किंवा ओलांझापीन या सायकोसिसवरच्या औषधांचा डोस त्या अवस्थेत बसवलेला असतो. घरी येऊन बिड्या सुरू झाल्या की धुरामुळे यकृत औषध लवकर फोडतं आणि रक्तातलं प्रमाण बरंच खाली येतं. गोळ्या वेळेवर चालू, तरी आवाज परत. उलटंही होतं: घरी भरपूर बिड्या ओढणाऱ्याने एकदम सोडल्या तर तोच डोस अंगावर येतो, सुस्ती, लाळ, चक्कर. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूचा नव्हे. चुना-तंबाखू किंवा मिसरीने असं होत नाही. (मिसरी चांगली असं मी म्हणत नाही, तोंडाचा कॅन्सर आहेच.)

दोन, क्लोझापीनचा खंड. सलग दोन दिवस, म्हणजे ४८ तासांहून जास्त, गोळी चुकली तर पूर्वीचा डोस एकदम घ्यायचा नाही. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रक्ततपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला. पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका याच काळात जास्त. ताप किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासा. आणि शौचाला रोज होते ना, हे विचारायला लाजू नका. क्लोझापीनची बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते.

वारणाताई
बायपोलरच्या लिथियम गोळीचंही लिहा. आषाढीला दिंडीत जायचं म्हणतात, पाठवावं का असा प्रश्न दरवर्षी येतो.

हळदपेठ
ताई, जाऊ शकतात, पण तयारीने. लिथियम मिठाशी बांधलेलं आहे. घाम, जुलाब, निर्जळी उपास, किंवा बीपीसाठी एकदम मीठ तोडणं, यातलं काहीही झालं की रक्तात लिथियम साचतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) राखतात, १.५ च्या वर विषबाधा. हाताची बारीक थरथर चालते. मोठी थरथर, उलट्या, तोल जाणं, बोबडी वळणं दिसलं तर गोळी थांबवून थेट दवाखाना.

लोणंद ते फलटण चालताना पाय दुखतात आणि दिंडीत कुणीही डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देतं. दोन्ही लिथियम वाढवतात. पॅरासिटामॉल चालेल. निघण्याआधी पातळी तपासून घ्या. रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. नाश्ता करून, गोळी घेऊन दिलेला रिपोर्ट खोटा जास्त येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. एकादशीला साबुदाणा खा, पाणी प्या, लिंबूसरबतात मीठ घाला.

भाविक_औदुंबर
देवाचं कुणी बोललं नाही. औदुंबर, नरसोबाची वाडी, मांढरदेव, लोक जातातच. तुम्ही सगळे त्याला विरोध करणार का?

अजिंक्यतारा
नाही, दादा. दर्शनाला, पारायणाला जाऊन माणसाला आणि घराला बळ येत असेल तर जावं, गोळ्यांची डबी बरोबर घेऊन. विरोध तीन गोष्टींना: गोळी बंद करायला सांगणं, साखळीने बांधणं आणि मारून भूत काढणं. कायद्यानेही साखळीला मनाई आहे. मुक्काम लांबणार असेल तर सुईची तारीख आधी उरकून घ्या.

भाविक_औदुंबर
हे पटलं.

वारणाताई
आणि "लग्न केलं की सुधारेल" याबद्दल? हे माणगंगाताईंना रोज ऐकावं लागत असेल.

पाटकरीण
लग्न हा औषधोपचार नाही. आजार लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्द ठरवायला येऊ शकतं, आणि लपवायचं म्हणून गोळ्या लपवल्या जातात, मग वर्षभरात माणूस परत वॉर्डात. किमान वर्ष-दोन वर्षं स्थिर, स्वतःची गोळी स्वतः घेणारा, काहीतरी कमावणारा किंवा कमावणारी, आणि समोरच्या घराला सगळं सांगून. असं लग्न चांगलं टिकतंही. मुलींच्या बाबतीत व्हॅल्प्रोएट (उन्मादावरचं औषध) चालू असेल तर लग्न ठरतानाच डॉक्टरांना सांगा, गर्भाला ते फार घातक आहे.

सिस्टर_मिरज
घरातल्या बोलण्यावरही लिहायला हवं. इंग्लंडात सत्तरच्या दशकात झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की सतत टोचून बोलणाऱ्या किंवा अति काळजी करणाऱ्या घरात, आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांचा आजार लवकर उलटतो. दिवसाला पाच तास झाले. दोन खोल्यांच्या घरात हे कसं जमवायचं? माणसाला घराबाहेरचं, ठरल्या वेळेचं काम द्यायचं. डेअरीला दूध घालणं हे त्यासाठी उत्तम. सकाळ-संध्याकाळ वेळ ठरलेली, चार माणसं दिसतात, बोलणं थोडकं, आणि काम झालं हे खात्यावर दिसतं. पहिले दोन आठवडे फक्त अंघोळ आणि स्वतःचं ताट धुणं. मग कुणाबरोबर डेअरी, मग एकट्याने. ते महिनाभर नीट जमलं की अर्धा दिवस शेतात. कडबाकुट्टी आणि ट्रॅक्टर सुस्ती पूर्ण गेल्याशिवाय नाही.

खंडाळाघाट
सहा महिने होऊनही डेअरीपर्यंत जमत नसेल तर?

सिस्टर_मिरज
आधी पाटकरीणताईंनी सांगितलेल्या तीन गोष्टी तपासून घ्या. मग थायरॉइड आणि बी-१२. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये सहा-सहा आठवडे देऊनही आवाज आणि संशय जात नसतील, तर क्लोझापीनबद्दल विचारा, त्याला उगाच उशीर केला जातो. आणि अपंगत्वाचा दाखला काढा, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबी बघतात, ४० टक्क्यांपासून लाभ सुरू होतात. दाखला काढला म्हणजे आशा सोडली असं नाही, तो ठरावीक मुदतीचाही मिळतो.

माणगंगा
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते. आता त्या घरी गेल्यावर "पलीकडचा लवकर बरा का झाला" याचं उत्तर देताना आधी मीच विचारणार: आजार किती दिवसांत उठला, पहिली गोळी किती उशिरा मिळाली, चालताना हात झुलतात का, रात्री पाण्यावर जातो का, बिडी किती. डॉक्टर बदलायचा की नाही ते त्यानंतर बघू. एक शंका राहिली. पुन्हा बिघडण्याची चाहूल घरच्यांनी ओळखायची कशी?

कृष्णाघाट
दाखल होण्याआधीचे तीन-चार आठवडे घरच्यांकडून आठवून घ्या आणि वहीत लिहा. बहुतेकांत झोप आधी तुटते. पुढचं प्रत्येकाचं वेगळं: कुणी मोबाइल बंद करून ठेवतो, कुणी एकाच माणसावर संशय घेतो, कुणी पहाटे तीनला अंगण झाडतो. एकाच माणसात दरवेळी साधारण तोच क्रम येतो. त्यातली पहिली दोन चिन्हं सलग तीन दिवस दिसली की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. ही वही रुग्ण बरा असताना त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत लिहा.

पाटकरीण
आणि वहीच्या पहिल्या पानावर सुईची तारीख.